मुंबई नेहमीच खरी

मास्तरांची आंब्याची पाच डझनी पेटी वाशीला गेली. मास्तर राहतात आमच्या गडग्यापलीकडे. गडग्यावरून नुसता हात लांब केला असता तरी पेटी पोचली असती.

चूक माझी. हे मी आधीच कबूल करून टाकतो, कारण काल संध्याकाळी आमच्या खळ्यात पाच माणसांसमोर ते माझ्याकडून कबूल करून घेण्यात आलेलं आहे. भाई, म्हणजे माझा चुलतभाऊ, म्हणाला, "तू कॉम्प्युटरवालो मां, टेंपोची यादी करून दी." मी पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत वीसेक ओळी खरडल्या. पुण्यामुंबईच्या पेट्या टेंपोत, बाकीच्या देवगडात नि आसपास. त्यासाठीची ओळ होती: इफ गाव == "पुणे" ऑर "मुंबई". पेट्या 62. टेंपोत चढल्या 62.

मास्तर आले ते छत्री घेऊन. एप्रिलात. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी हातात काही असल्याशिवाय त्यांना शिकवता येत नाही. मास्तरांचं एक आहे, बरे असले की मालवणीत बोलतात आणि रागावले की प्रमाण मराठीत. त्यांनी छत्रीचं टोक लॅपटॉपच्या स्क्रीनवर टेकवलं आणि म्हणाले, "वाचा."

अहो-जाहो म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी वाचलं. "गाव बरोबर पुणे किंवा मुंबई."

"यात चूक काय?"

"मराठीत नाही. पण पायथन ते वेगळं वाचतो. दोन बरोबरच्या चिन्हांचा मान ऑरच्या आधीचा. म्हणून तो आधी विचारतो, गाव पुणे आहे का? ते उरकलं की ऑर. आणि ऑरच्या पलीकडे नुसतीच मुंबई उभी."

"नुसतीच उभी म्हणजे?"

"म्हणजे तो विचारतो, मुंबई खरी का? आणि रिकामी नसलेली कुठलीही अक्षरं त्याला खरीच वाटतात."

मास्तरांचा राग जरा उतरला असावा, कारण भाषा बदलली. "म्हणजे गाव खंयचाय असांदे, मुंबय खरी?"

"हो."

"आणि अवतरणात 'खोटां' असां लिवलां तर?"

"तेही खरं."

"शून्य?"

"शून्य खोटं. पण अवतरणातलं शून्य खरं."

मास्तरांनी खळ्यातल्या चौघांकडे वळून पाहिलं. "ह्येका पुण्यात पगार देतत," असं म्हणाले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग 'कंचेभागुबेव' आलं. ते येणारच होतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. "पयल्याच अक्षराक कंस आसा. तू कंस खंय घातलंस? सातवीत शिकवलंय तुका!" मी म्हटलं, मास्तर, कंसाने भागत नाही. ते म्हणाले, घाल. मी घातला: गाव == ("पुणे" ऑर "मुंबई"). चालवून दाखवलं. पुण्याच्या पेट्या टेंपोत, मुंबईच्या सगळ्या इथेच.

"मुंबय खंय गेली?"

"ऑरला पहिलं खरं सापडलं की तो तिथेच थांबतो. पुणे खरं, म्हणून कंसाचं उत्तर पुणे. मुंबईकडे तो बघतही नाही."

"आळशी आसा," मास्तर म्हणाले. हे त्यांनी माझ्याकडे बघून का म्हटलं, कळलं नाही.

खरं उत्तर साधं आहे. गाव इन ("पुणे", "मुंबई"), म्हणजे गाव या दोघांत आहे का, एवढंच विचारायचं. मला ते येत नव्हतं असं नाही. रात्री अकराला आंबे मोजून झाल्यावर माणूस मराठीत विचार करतो आणि मराठीतच लिहितो, एवढंच झालं.

खरं तर अग्रक्रम म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोणाला, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. पायथनची गावऱ्हाटी तशीच आहे: तुलनेची चिन्हं मोठे मानकरी, मग नॉट, मग अँड, आणि ऑर सगळ्यांच्या मागे, दिवटी धरून. पण देवळात मान चुकला तर निदान आरडाओरडा होतो. इथे चूं नाही. 2019 च्या 3.8 आवृत्तीपासून 'तेच का?' असं विचारणाऱ्या 'इज'च्या शेजारी अवतरणातली अक्षरं लिहिली तर पायथन इशारा देतो. माझ्या ओळीवर मात्र मौन. गपचूप 62 पेट्या चढवल्या. बॅश, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची दुसरी भाषा, तर याच्याही पुढचा. तिथे एकेरी चौकटी कंसात 10 > 9 लिहिलं तर तुलना होतच नाही, ते चिन्ह 'या फाईलीत लिही' असं वाचलं जातं आणि 9 नावाची रिकामी फाईल तयार होते. माझ्याकडे अशी एक अजून आहे. जावास्क्रिप्ट या तिसऱ्या भाषेला 3 > 2 > 1 विचारा, खोटं म्हणेल, कारण 3 > 2 खरं, त्या खऱ्याची किंमत 1, आणि 1 काही 1 पेक्षा मोठा नाही. पायथन हे बरोबर सांगतो. पण माझी पेटी तिथे अडली नव्हती.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. वाडीत कोणाचा मोबाईल अडला, कोणाचं आधार लिंक होईना, बिल ऑनलाइन भरायचंय, की 'झिलाक हाक मार'. फुकट. तेव्हा खळ्यात पाच माणसं जमत नाहीत. एक ओळ चुकली की जमतात. पेट्यांचं परतीचं भाडंही मीच भरलं. भाई म्हणाला, "तुझीच चूक मां." टेंपोवाल्याने रस्त्याबद्दल जे सुनावलं ते मुंबई-गोवा हायवेच्या मालकीचं, तरी तेही मीच ऐकून घेतलं.

रात्री बसून यादी दुरुस्त केली. पेट्या पोचल्या की नाही यासाठी नवा रकाना केला. भाई त्यात 'हो' किंवा 'नाही' लिहिणार आणि खाली बेरीज आपोआप. इफ पोचली, तर एक मिळव. सोपं.

आज सकाळी चालवलं. 62 पैकी 62 पोचल्या.

मी चहा घेत होतो, खूश होतो. तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला, "काय रे, माझी पेटी ईली?" मी मास्तरांच्या नावापुढचा रकाना बघितला. भाईने नीट, अवतरणात शोभेल अशा अक्षरात लिहिलं होतं: नाही.