सॉकेट उघडा आणि निवांत राहा

वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं कायम उघडं राहणारं कनेक्शन, उघडायला कोडची एक ओळ पुरते, आणि डेमोला ती एकच ओळ दिसते. बंद करण्याचं कोण विचारतंय?

रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर यूजइफेक्टमध्ये, म्हणजे पान दिसल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, सॉकेट उघडून मोकळे व्हा. पान सोडताना सॉकेट बंद करणाऱ्या क्लीनअप फंक्शनच्या भानगडीत पडू नका. युजर चॅटच्या पानावर पाचदा आला-गेला की एकच मेसेज पाचदा उमटेल. त्याला नेट स्लो आहे म्हणून सांगा. रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड डेव्हलपमेंटमध्ये पानाचा प्रत्येक भाग मुद्दाम दोनदा माउंट करून (चढवून) नेमकं हेच दाखवतो, तेव्हा आधी तो काढून टाका.

आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या मानकात २०११ सालापासून ‘आहेस का?’, ‘आहे’ अशा पिंग-पाँग फ्रेम आहेत. असू देत. डेटा वाहून नेणारा टीसीपी आहे ना खाली! फक्त लिनक्सवर त्याचं कीपअलाइव्ह (पलीकडचा जिवंत आहे का ही विचारपूस) आधी आपणच चालू करावं लागतं, आणि केलं तरी पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर युजर लिफ्टमध्ये शिरलेला असतो, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेलेला असतो. निरोपाचं पॅकेट कुणीच धाडलेलं नसतं. सर्व्हरच्या कनेक्शन-यादीत तो जिवंत, नावापुढे हिरवा ठिपका. पलीकडे कुणीतरी ‘ऑनलाइन आहे तरी उत्तर देत नाही’ म्हणून रुसून बसतं. ते तक्रारीचं तिकीट आपल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यात, येत नाही.

सर्व्हरच्या समोर इंजिनएक्स हा मध्यस्थ असेल तर ६० सेकंद शांतता झाली की तो कनेक्शन तोडतो. टाइमआउट २४ तास करा. मेलेली कनेक्शनंही दिवसभर सुखाने नांदतील. लॉगमध्ये कनेक्शन बंद झाल्याचा कोड १००६ दिसला तर मीटिंगमध्ये ठामपणे ‘१००६ येतोय’ म्हणा. हा कोड सर्व्हर कधी पाठवतच नाही, निरोपाच्या क्लोज फ्रेमशिवाय कनेक्शन गेलं की ब्राउझर आपल्या मनाने लिहितो, हे तिथे कुणी विचारत नाही.

तुटलं की त्याच क्षणी पुन्हा जोडा. पहिल्या प्रयत्नाआधी ० ते ५ सेकंदांत कितीही थांबा, पुढे अंतर वाढवत न्या, असं आरएफसीच सुचवतं. पण इतका धीर कुणाला आहे? सर्व्हर उठला रे उठला की सगळे क्लायंट टीएलएस (एन्क्रिप्शनची जुळणी), लॉगिन आणि जुन्या मेसेजची क्वेरी घेऊन एकदम तुटून पडतात. तो पुन्हा झोपतो.

प्रत्येक कनेक्शन एक उघडी फाइल धरलं जातं, तेव्हा शेवटी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ येईलच. १०२४ ची मर्यादा वाढवा, आणि तीही भरली की रात्री तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीने) सर्व्हर रीस्टार्ट करा. तेव्हा क्लायंट काय करतात ते ऑनकॉलवाला पाहील. त्या आठवड्यात आपली पाळी नाही, एवढं आधी बघून घ्या.