काटा मध्यावर असणे म्हणजे नेमके काय?

बीडच्या आमच्या कट्ट्यावर परवा संध्याकाळी वाद झाला तो गाडीच्या थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिनचे तापमान सांभाळणाऱ्या झडपेवरून. बापू भाड्याची गाडी चालवतात. मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, म्हणून गॅरेजवाल्याने त्यांना थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगितले होते, आणि इंजिन जितके थंड तितके त्याचे आयुष्य जास्त, हे म्हणणे बापूंना मनापासून पटले होते.

"बापू, इंजिन थंड ठेवायचे नसते, ठरावीक तापमानाला ठेवायचे असते," तंत्रनिकेतनात शिकवणारे सर म्हणाले. बहुतेक मोटारींत कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारा द्रव, ९० ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे. थर्मोस्टॅटच्या लहानशा डबीत मेण भरलेले असते. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगू लागते, झडप ढकलते आणि मगच कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी होते. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर जादा इंधन जळते आणि ऑइलमध्ये साचलेला ओलावा उडून जात नाही.

"पण सर, पाणी तर शंभरालाच उकळते," टपरीवाल्या मामांनी शंका काढली. शंका रास्त होती. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल हे रसायन असलेले कूलंट मुळातच शंभराच्या पुढे उकळते, आणि रेडिएटरचे झाकण आत सुमारे एक बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका, जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या पुढे जातो. गरम गाडीचे झाकण उघडले की तो दाब एकदम सुटतो आणि उकळते कूलंट अंगावर उडते. ही गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असलीच पाहिजे.

खरा घोळ काट्याचा आहे. अनेक गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत काटा मुद्दाम मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे तो हलला तेव्हा सावध होण्याची वेळ बरीचशी सरलेली असते. त्याहून वाईट म्हणजे कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. खरा आकडा हवा असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण, लावून पाहावा.

बापू मात्र घाटावर अडून बसले. तेव्हा सरांनी हिशेब मांडला: हिवाळ्यात हवा १२ अंश आणि कूलंट ९० अंश, म्हणजे फरक ७८ अंशांचा, मे महिन्यात हवा ४२ अंश, म्हणजे फरक उरतो ४८. तेवढ्याच वाऱ्यात रेडिएटर जवळपास चाळीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. शिवाय काटा वर चढतो तेव्हा चांगला चालणारा थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो, मग तो काढून मिळवायचे काय? मला हा मुद्दा निर्णायक वाटतो. थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय असेल, तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात तापमापीसह तापवावा. वेळेवर उघडला नाही तर नवा बसवावा.

"रेडिएटरमध्ये पाणी कुठले घालता?" सरांनी विचारले. बोअरचे, असे उत्तर आले. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत कसे साचतात, हे घराघरांतल्या हीटरच्या कॉइलवर दिसतेच. आता बापू आधी रेडिएटर साफ करून योग्य प्रमाणात कूलंट भरणार आहेत आणि पंखा वेळेवर लागतो का, ते तपासणार आहेत. थर्मोस्टॅटला तोवर हात लावायचा नाही, एवढे त्यांनी मान्य केले आहे.