‘मायआयसॅमवर अन्याय केलात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या मायआयसॅम आणि इनोडीबी या स्टोरेज इंजिनांची (टेबलमधला डेटा डिस्कवर ठेवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागांची) तुलना करताना मी लिहिलं होतं की पैशाची नोंद असलेलं एकही टेबल मायआयसॅममध्ये ठेवू नये. तुम्ही पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळता आणि तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मायआयसॅम वाचायला जलद आहे, डिस्कवर जागा कमी घेतं, रोजचा बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी केला की झालं, टेबल बिघडलंच तर रिपेअर टेबल ही कमांड आहे, आणि इनोडीबीचा उदोउदो ओरॅकल कंपनीने ते विकत घेतल्यामुळे सुरू झाला. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंत की साहेबांनी महिन्याचा रिपोर्ट काढायला घेतला की काउंटरवरचे सगळे स्क्रीन अडकतात, ‘पण तो नेटवर्कचा प्रश्न आहे’. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या संस्थेत लोकांची पिग्मी जमा होते आणि हा विषय मला तेवढाच गंभीर वाटतो.

वेगापासून सुरू करतो. अट न घालता टेबलमधल्या रो (ओळी) मोजायला सांगितल्या तर मायआयसॅम क्षणात उत्तर देतं, हे खरंच आहे. तो आकडा ते टेबलसोबत लिहूनच ठेवतं. इनोडीबीला तसं करता येत नाही, कारण एकाच क्षणी चालू असलेल्या दोन ट्रान्झॅक्शनना (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या कामांच्या गटांना) एकाच टेबलमध्ये वेगवेगळ्या संख्येने रो दिसू शकतात. त्यामुळे त्याला इंडेक्स, म्हणजे रो शोधायची सूची, चाळून मोजावं लागतं. पण ‘या शाखेची चालू खाती किती’ अशी अट घाला, मायआयसॅमलाही मोजायलाच बसावं लागेल. काउंटरवर दिवसभरात विनाअट मोजणी कितीदा लागते?

जागेचंही तुमचं बरोबर आहे. इनोडीबी प्रत्येक रोसोबत ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ६ बाइट आणि जुन्या आवृत्तीकडे नेणारा पॉइंटर ७ बाइट ठेवतं, शिवाय १६ केबीच्या पानांत थोडी जागा मोकळी सोडतं. ही किंमत कशासाठी मोजायची ते पुढे येईलच.

तुमची चाचणी मात्र मला मान्य नाही. तुम्ही सेटिंग दिलंत ते चांगलं केलंत. त्यात मायआयसॅमच्या की बफरला, म्हणजे मेमरीतल्या त्याच्या राखीव जागेला, २ जीबी दिलेत आणि इनोडीबीची तशी जागा, म्हणजे बफर पूल, मुळात येतो तसा १२८ एमबीवर ठेवलाय. मायआयसॅम की बफरमध्ये फक्त इंडेक्स ठेवतं, डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर सोडतं. इनोडीबी डेटा आणि इंडेक्स दोन्ही बफर पूलमध्येच ठेवतं. म्हणजे एकाला अख्ख्या सर्व्हरची मेमरी मिळाली आणि दुसऱ्याला एक कोपरा.

इन्सर्टची, म्हणजे नव्या रो टाकण्याची, चाचणीही अशीच आहे. तुम्ही ऑटोकमिट चालू ठेवून एकेक रो टाकलीत, म्हणजे प्रत्येक रोमागे वेगळा कमिट (बदल पक्का करणं) झाला. इनोडीबी प्रत्येक कमिटला ‘डिस्कवर पोचलं’ याची खात्री करून घेतं आणि मगच पुढे जातं. मायआयसॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात डेटा देऊन मोकळं होतं. तो डिस्कवर कधी उतरला ते बघत नाही. तुम्ही मोजलात तो वेगातला फरक मुख्यतः डिस्कसाठी थांबण्याचा आहे. हजार हजार रोंचं एक ट्रान्झॅक्शन करून तीच चाचणी पुन्हा घ्या, फरक पुष्कळ कमी झालेला दिसेल.

आणि एक गोष्ट वेगाच्याच बाजूने सांगतो. तुमच्याकडे सगळ्यात जास्त चालणारं काम पासबुक छपाईचं, म्हणजे एका खात्याचे व्यवहार क्रमाने वाचण्याचं. इनोडीबीत रो प्रायमरी कीच्या (प्रत्येक रोची वेगळी ओळख ठरवणाऱ्या कॉलमच्या) क्रमाने, तिच्याच इंडेक्सच्या पानांत राहतात. प्रायमरी की ‘खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक’ अशी जोडून केलीत तर एका खात्याचे व्यवहार शेजारी शेजारी येतात आणि मोजकी पानं उचलली की पासबुक छापून होतं. मायआयसॅममध्ये रो साधारण आल्या तशा फाइलमध्ये पडत जातात. इंडेक्स फक्त जागा दाखवतो, मग प्रत्येक व्यवहारासाठी फाइलच्या वेगळ्या भागात जावं लागतं. तेव्हा ‘मायआयसॅम वाचायला जलद’ हे सरसकट विधान तुमच्याच कामाला लागू पडत नाही.

आता मुद्द्याचं. ३१ मार्चला तुम्ही खात्यांवर व्याज चढवता. ते बहुधा एकच अपडेट असेल : शिल्लक अधिक व्याज, सगळ्या खात्यांना. ती क्वेरी अर्ध्यावर असताना सर्व्हर बंद पडला असं धरा. इन्व्हर्टर आहे म्हणालात, पण वीज हे एकच कारण नसतं. विंडोज अपडेटने मशिन रीस्टार्ट होतं, किंवा ‘क्वेरी अडकली’ असं वाटून कुणीतरी ती किल करतं. मायआयसॅममध्ये किल केलेल्या अपडेटने तोवर बदललेल्या रो बदललेल्याच राहतात. आता काही हजार खात्यांवर व्याज आलंय, बाकीच्यांवर नाही. क्वेरी पुन्हा चालवली तर पहिल्यांना दोनदा मिळणार. रिपेअर टेबल इथे काहीच करू शकत नाही, कारण त्याचं काम डेटाची फाइल आणि इंडेक्सची फाइल यांचा मेळ घालण्याचं आहे. कुणाला व्याज मिळालं आणि कुणाला नाही, हे त्या फाइलींत कुठेच लिहिलेलं नसतं.

इनोडीबीत ती माहिती लिहिलेली असते. तुमच्याच कामातलं सांगायचं तर आधी रोजकीर्द लिहायची आणि खतावणी सवडीने करायची, अशी त्याची पद्धत आहे. बदल आधी रीडू लॉगमध्ये जातो, डेटाची पानं नंतर डिस्कवर उतरतात. सर्व्हर पडून पुन्हा उठला की ते लॉग वाचून राहिलेले बदल पानांवर चढवतं, आणि कमिट न झालेलं सगळं अनडूच्या, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्यांच्या, मदतीने मागे घेतं. व्याज एक तर सगळ्यांना मिळालेलं असतं, नाहीतर कुणालाच नाही. पान लिहिता लिहिताच वीज गेली तर अर्धं नवं, अर्धं जुनं पान उरू नये म्हणून ते पान डबलराइट बफरमध्ये आधी एकदा लिहून ठेवतं. वर सांगितलेले ते ६ आणि ७ मिळून १३ बाइट आणि ते डिस्कसाठी थांबणं यासाठी असतं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, टेस्ट सर्व्हरवर करून पाहा. एक कॉलम, तीच प्रायमरी की, असं मायआयसॅमचं टेबल बनवा आणि त्यात ३ हा आकडा टाका. मग एकाच इन्सर्टमध्ये १, २, ३, ४ टाका. ३ आधीच असल्यामुळे एरर येईल. आता टेबल वाचा : १ आणि २ आत शिरलेले दिसतील. एरर आली, तरी अर्धं काम होऊन बसलं. हेच इनोडीबीत केलंत तर फक्त जुना ३ दिसेल. यात ना वीज गेली, ना कुणी किल केलं.

तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘नवीन काही टेबलं आपोआप इनोडीबीत बनली आहेत’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. तुमचा डेटाबेस मायएसक्यूएल ५.१ च्या काळात सुरू झाला, तेव्हा मायआयसॅम हेच मूळ इंजिन (वेगळं काही न सांगता मिळणारं) होतं. ५.५ पासून इनोडीबी झालं. अपग्रेड केल्याने जुन्या टेबलांचं इंजिन बदलत नाही, पण नवी टेबलं इनोडीबीत बनतात. म्हणजे आज तुमच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्ही प्रकारची टेबलं येतात. मध्येच चूक होऊन रोलबॅक (ट्रान्झॅक्शन मागे घेणं) झाला की इनोडीबीची नोंद मागे जाते आणि मायआयसॅमची तशीच राहते. मायएसक्यूएल एक वॉर्निंग देतं, पण ॲप्लिकेशनमध्ये वॉर्निंग वाचतंय कोण? नुसतं मायआयसॅम असण्यापेक्षा ही सरमिसळ मला जास्त धोक्याची वाटते, कारण कोड लिहिणाऱ्याला वाटत असतं की रोलबॅक चालतोय.

ओरॅकलबद्दल. तारखा पाहिल्या की संशय येणं साहजिक आहे. हाइकी टूरी यांच्या इनोबेस या फिनलंडच्या कंपनीने इनोडीबी बनवलं आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ओरॅकलने ती कंपनी घेतली. २०१० च्या सुरुवातीला सन या कंपनीसोबत मायएसक्यूएलही ओरॅकलकडे गेलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या ५.५ मध्ये इनोडीबी मूळ इंजिन झालं. पण इनोडीबी मायएसक्यूएलमध्ये २००१ पासून आहे, ओरॅकल येण्याच्या कितीतरी आधी. आणि ओरॅकलच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून मायएसक्यूएलच्या मूळ कर्त्यांपैकी मॉन्टी विडेनियस यांनी मायएसक्यूएलपासूनच मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस काढला, त्याचंही मूळ इंजिन इनोडीबीच आहे. तिथल्या मंडळींनी मायआयसॅमची जागा घेण्यासाठी आरिया बनवलं, तेही सर्व्हर कोसळला तर टेबल शाबूत राहावं या हेतूने. खुद्द मायएसक्यूएलने २०१८ च्या ८.० मध्ये युजर आणि परवानग्यांची स्वतःची टेबलं मायआयसॅममधून इनोडीबीत हलवली.

मग ते अडकणारे स्क्रीन. मायआयसॅम कुलूप लावतं ते पूर्ण टेबलला. साहेबांचा रिपोर्ट वाचत असताना काउंटरवरून शिल्लक बदलणारं अपडेट आलं की ते थांबतं. अपडेटला प्राधान्य असल्याने त्याच्यानंतर आलेली साधी वाचनंही त्याच्यामागे रांगेत लागतात. फाइलच्या मध्ये मोकळ्या जागा नसतील तर शेवटी भर घालणारे इन्सर्ट रिपोर्टसोबत चालू शकतात, म्हणून पिग्मीच्या नोंदी कधी कधी सुरळीत होतात आणि शिल्लक दाखवणारा स्क्रीन तेवढा हलत नाही. तुमच्याकडेही नेमकं असंच होत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका. पुढच्या वेळी अडकलं की शो प्रोसेसलिस्ट (चालू क्वेरींची यादी दाखवणारी कमांड) चालवा आणि स्टेटच्या कॉलममध्ये ‘वेटिंग फॉर टेबल लेव्हल लॉक’ दिसतं का ते बघा.

बदलायचं ठरवलंत तर तीन गोष्टींची तयारी आधी करा. फोल्डर कॉपी करण्याचा बॅकअप चालू सर्व्हरवर इनोडीबीला चालत नाही. सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय देऊन मायएसक्यूएलडंप या साधनाने डंप (डेटाची प्रत) घ्या आणि तो डंप दुसऱ्या मशिनवर उतरवून पाहा. तुमच्या नव्या टेबलांचा बॅकअप आज त्याच फोल्डर कॉपीत जात असेल तर हे काम याच आठवड्यात करा, इंजिन बदला किंवा बदलू नका. दुसरं, जुन्या टेबलांवर लिहिलेल्या फॉरेन की (‘व्यवहाराचं खातं खात्यांच्या टेबलमध्ये असायलाच हवं’ असे नियम) मायआयसॅमने वाचून सोडून दिलेल्या आहेत. त्या नव्याने लावाव्या लागतील आणि लावताना खातंच नसलेले व्यवहार सापडू शकतात. तिसरं, इनोडीबीत डेडलॉक होऊ शकतो, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या कुलपांसाठी अडून बसतात. १२१३ ही एरर आली तर ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवण्याची सोय कोडमध्ये हवी.

बंद खात्यांचे जुन्या वर्षांचे व्यवहार, ज्यांत आता काहीच लिहिलं जात नाही, ते मायआयसॅममध्ये आकुंचित करून ठेवायला माझी हरकत नाही, मूळ प्रत वेगळी जपलेली असली म्हणजे झालं.

प्रोसेसलिस्टचं आउटपुट मिळालं की इथेच टाका, आपण मिळून बघू. त्यात क्वेरी जशाच्या तशा दिसतात, तेव्हा खातेदारांची नावं आणि खाते क्रमांक आधी काढून टाका.