सल्फासची गोळी घरात वापरायची वस्तू नाही: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"शेतकरी बांधवांनो आणि गृहिणींनो, सल्फासच्या गोळीला घाबरू नका" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात म्हटलंय की धान्याच्या प्रत्येक डब्यात एक गोळी कापडात बांधून ठेवा, वर्षभर कीड लागणार नाही. खोलीत ढेकूण झाले असतील तर चार कोपऱ्यांत चार गोळ्या ठेवून दार लावून घ्या. गॅस जड असतो, तो खालीच बसतो, शेजारच्यांना काही होत नाही. वास आला तरच धोका, नाहीतर नाही. उरलेली पूड पाण्यात टाकली की निकामी होते. सरकारने निर्बंध घातले ते पेस्ट कंट्रोलवाल्यांचं दुकान चालावं म्हणून, परदेशात तर ही गोळी सर्रास मिळते. आणि चुकून त्रास झालाच तर दूध-तूप घ्या.

हा मेसेज मला बार्शीहून वहिनीने पाठवला. खाली विचारलं होतं, "ताई, हे खरंय का? ज्वारीला सोंडे लागलेत आणि पोरांच्या खोलीत ढेकूण झालेत. दोन्हीला एकच गोळी चालेल ना?" माझी भाचरं ज्या खोलीत झोपतात त्या खोलीबद्दल ती विचारत होती. मी काही वर्षं धान्याच्या गोदामात कीडनियंत्रणाच्या कामात होते, त्यामुळे ही गोळी मी जवळून पाहिली आहे. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण विचारणारी ती एकटी नसणार.

आधी ही वस्तू काय आहे ते. बाजारात सल्फास, सेल्फॉस, क्विकफॉस अशी नावं ऐकू येतात. आत असतं ॲल्युमिनियम फॉस्फाइड. नेहमीची गोळी ३ ग्रॅमची, त्यात ५६ टक्के हे द्रव्य. हवेतली ओल लागली की ती फुलते, भुकटी होते आणि त्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. किडे मारतो तो हा वायू. किड्याचा श्वास पेशीच्या पातळीवर बंद पाडतो, आणि माणसाच्या शरीरातही तेच करतो. आणखी एक घोटाळा आत्ताच निस्तरते. धान्यात घालायच्या पारद गोळ्या वेगळ्या आणि कपाटातल्या डांबरगोळ्या वेगळ्या. मेसेजमध्ये तिन्ही एकाच माळेत ओवल्या आहेत. "आमच्या आजीच्या काळापासून डब्यात गोळ्या ठेवतात" असं ज्या गोळ्यांबद्दल म्हणतात, त्या ह्या नव्हेत.

आता ढेकणांचा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे, म्हणून यावर जास्त लिहिते.

दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूट धरा. म्हणजे हजार घनफूट, साधारण २८ घनमीटर हवा. एका गोळीचा सगळा वायू त्या बंद खोलीत पसरला, तर हवेच्या दर दहा लाख भागांत फॉस्फिनचे सुमारे २५ भाग होतात. कामगारांनी आठ तासांच्या पाळीत सरासरी किती फॉस्फिनमध्ये काम करावं याची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा आहे ०.३ भाग. म्हणजे एका गोळीने खोली त्या मर्यादेच्या ऐंशीपटीपुढे जाते. ५० भागांना तिथली व्यावसायिक सुरक्षेची संस्था 'जिवाला तत्काळ धोका' म्हणते. मेसेज सांगतो चार गोळ्या. चार गोळ्यांचे होतात १००. हा हिशेब कोणीही कागदावर करून पाहू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने तो केला नाही आणि पुढे पाठवणाऱ्या हजारोंनीही केला नाही, याचा मला संताप येतो.

"पण आम्ही त्या खोलीत झोपणार नाही, दार लावून बाहेर झोपू." बाहेर म्हणजे कुठे? बाहेरच्या खोलीत, भिंतीच्या पलीकडे. दाराखालच्या फटीतून, वायरिंगच्या पाइपातून, एसीच्या भोकातून, माळ्यावरच्या फळ्यांमधून हा वायू निघतो. फॉस्फिन हवेपेक्षा जड आहे हे खरं, पण जेमतेम १.२ पट. तो पाण्यासारखा तळाशी साचून राहत नाही, हवेत मिसळतो आणि जिथे वाट मिळेल तिथे जातो. तसा तो गेला नसता तर पोत्यांच्या थप्पीत मधोमध बसलेला किडा मेलाच नसता. पोत्याच्या गाभ्यापर्यंत पोचतो म्हणून तर गोदामवाले तो वापरतात. तोच वायू चाळीतल्या सामाईक भिंतीपाशी किंवा वसतिगृहातल्या प्लायवूडच्या पार्टिशनपाशी थांबेल असं मानणं म्हणजे शेजारच्याच्या जिवाशी खेळणं आहे. झोपलेल्या माणसाला डोकं दुखलं, मळमळलं, तरी तो उठून बाहेर जाईलच असं नाही. लहान मुलाला तर काय होतंय ते सांगताही येत नाही.

वासाचा मुद्दा याच्या जोडीचा. शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा जो वास येतो तो त्यातल्या इतर घटकांचा. धान्य हे वासाचे घटक आधी शोषून घेऊ शकतं. मग वास जातो आणि वायू मागे राहतो. गोदामात आम्हाला पहिल्या दिवशी बजावलं होतं की नाकावर विसंबायचं नाही, मीटर लावायचा. मेसेज नेमकं उलट शिकवतो.

गोदामात हे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे घरात का होऊ शकत नाही हे वेगळं समजावावं लागणार नाही. आधी थप्पीवर जाड प्लास्टिकचं आच्छादन घालायचं. एक बारीक भोक दिसलं तरी चिकटपट्टी. जमिनीलगतच्या कडांवर वाळू भरलेल्या लांबट पिशव्या एकमेकींवर चढवून ठेवायच्या, त्यांना आमच्याकडे साप म्हणायचे. मास्क लावलेली, प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं गोळ्या ठेवत आत जायची आणि लगेच मागे फिरायची. एकट्याने कधीच नाही. मग दाराला कुलूप, त्यावर कवटीचं चिन्ह, धुरी दिल्याची तारीख, उघडण्याची तारीख. निदान पाच ते सात दिवस तिथे कोणी फिरकायचं नाही. उघडल्यावर हवा खेळती करायची, मीटरने मोजायचं, मग हमाल आत. आणि एवढ्या सगळ्याला मात्रा किती, तर एका टनाला साधारण तीन गोळ्या. मेसेज सांगतो डब्याला एक. वीस किलोचा डबा धरला तर टनाला पन्नास होतात, आणि त्याही स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीशेजारी, झाकण नीट न बसणाऱ्या डब्यात.

वर त्याने कीडही धड मरत नाही. गळक्या डब्यात वायू हवा तेवढे दिवस टिकत नाही, अर्धवट मार खाऊन उरलेले किडे पुढची पिढी घालतात. धान्य पोखरणारे भुंगेरे आणि पिठातले तांबडे किडे फॉस्फिनला दाद देईनासे झाल्याचं भारतात नोंदलं गेलं आहे, आणि अशी अर्धीमुर्धी धुरी हे त्याचं ठळक कारण आहे.

आता "सरकारचा डाव" हा भाग. ॲल्युमिनियम फॉस्फाइडवरचा निर्बंध काल-परवाचा नाही आणि गुपचूप केलेलाही नाही. कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आहे. त्याखाली केंद्र सरकारचं वनस्पती संरक्षण संचालनालय भारतात मर्यादित वापरासाठीच परवानगी असलेल्या कीटकनाशकांची यादी प्रसिद्ध करतं, ती कुणालाही वाचता येते. त्या यादीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडपुढे स्पष्ट लिहिलंय की याने कीडनियंत्रण करायचं ते सरकारी संस्थांनी, सरकारी उपक्रमांनी किंवा पेस्ट कंट्रोलवाल्यांनी, तेही मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखाली. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या, ज्या पूर्वी घरोघरी दिसायच्या, त्यांचं उत्पादन, विक्री आणि वापर यांवर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. या नळ्या बंद करण्यामागे कुठल्या कंपनीचा फायदा शोधायची गरज नाही. घराघरात सहज हाताशी असलेलं, उतारा नसलेलं विष होतं ते. त्याच यादीत मिथाइल ब्रोमाइड हे धुरीचं दुसरं औषधही अशाच अटींवर आहे. इथिलीन डायब्रोमाइड, म्हणजे धान्यात फोडायच्या काचेच्या कुप्या जुन्या लोकांना आठवतील, ते तर देशात पूर्ण बंद आहे. पेस्ट कंट्रोलवाल्यांचा धंदाच वाढवायचा असता, तर त्यांच्या हातातलं एक औषध बंद आणि दोन अटींत अडकवून कशाला ठेवली असती?

इथे एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आणि ती करताना बरं वाटत नाही. नियम कागदावर कडक आहे, पण बाजारात नाही. तालुक्याच्या गावी काही दुकानांत सुटी गोळी पुडीत बांधून मिळते, पावती नाही, माहितीपत्रक नाही. किराणावाल्याकडेही मिळते. "एवढी वाईट असती तर दुकानात मिळाली असती का?" असं वहिनीने विचारलं, तेव्हा तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. कृषी खात्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी ही सुटी विक्री थांबवायला हवी आणि ती थांबलेली नाही. पण त्यातून निघतं ते एवढंच की अंमलबजावणी ढिली आहे. गोळी निरुपद्रवी आहे असं त्यातून निघत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधंही दुकानातूनच आणलेली होती.

दुसरी अर्धी खरी गोष्ट म्हणजे "रेशनच्या धान्यालाही हीच धुरी देतात, मग आपण मेलो का?" हो, देतात. नीट धुरी देऊन नीट हवा दिली तर धान्यात फॉस्फिन फार उरत नाही, आणि धान्यात किती अंश चालेल याची आंतरराष्ट्रीय मर्यादाही ठरलेली आहे, किलोला ०.१ मिलिग्रॅम. ते धान्य खायला मी घाबरत नाही. पण माणसं मरतात ती धुरी चालू असताना, वायूने. मेसेजने ही दोन वेगळी प्रकरणं एकत्र कालवली आहेत.

"परदेशात सर्रास मिळते" हे तर सरळ खोटं आहे. अमेरिकेत ही गोळी फक्त प्रमाणपत्रधारक माणसाला वापरता येते. २०१० मध्ये युटा राज्यातल्या लेटन गावात, घराशेजारच्या हिरवळीतले उंदरांसारखे प्राणी मारायला व्यावसायिक माणसाने बिळांत या गोळ्या टाकल्या. वायू घरात शिरला आणि दोन लहान बहिणी गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जागांभोवती ही गोळी वापरायला मनाई केली, आणि इतर इमारतींपासून ठेवायचं अंतर १५ फुटांवरून १०० फुटांवर नेलं. लक्षात घ्या, तिथे गोळी घराबाहेर होती, मातीखाली होती, आणि टाकणारा पेशाने तेच काम करणारा होता.

उरलेली पूड पाण्यात टाकायचा सल्लाही तितकाच जीवघेणा. पाणी लागलं की वायू एकदम सुटतो, कधी पेटही घेतो, आणि फुललेल्या पुडीतही न फुटलेलं द्रव्य शिल्लक असतं. टेक्सासमधल्या अमारिलो शहरात जानेवारी २०१७ मध्ये घराखाली टाकलेल्या गोळ्या घरच्याच माणसाने पाण्याने धुऊन काढायचा प्रयत्न केला. घरातली चार मुलं दगावली. म्हणून पूड मोरीत टाकू नका, संडासात नाही, बादलीत नाही. घरात अशी पुडी किंवा डबी असेल तर ती उघडू नका, ओल लागू देऊ नका, मुलांच्या हाताला येणार नाही अशी घराबाहेर कोरड्या जागी ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा.

वहिनीच्या ज्वारीचं काय, हा प्रश्न उरतोच. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, दाण्यातली ओल दहा-बारा टक्क्यांच्या आत आली की दाताखाली दाणा कट्कन फुटतो. गार झाल्यावरच भरा. कोठी आधी रिकामी करून, झाडून, तिच्या सांधीकोपऱ्यांतला जुना भुसा काढून टाका, कारण किडे बहुतेक तिथूनच येतात. जुनं धान्य नव्यात मिसळू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. जास्त माल असेल तर धान्यासाठीच्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यात प्राणवायू संपून किडे मरतात, औषध लागतच नाही. ढेकणांसाठी गाद्या उन्हात टाका, पलंगाच्या फटींत उकळतं पाणी घाला. तरी हटले नाहीत तर परवानाधारक माणूस बोलवा आणि तो काय वापरणार ते आधी विचारा. ॲल्युमिनियम फॉस्फाइड म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटी दूध-तूप. फॉस्फिनला उतारा नाही, दुधाचाही नाही आणि दवाखान्यातलाही नाही. डॉक्टर रक्तदाब, हृदय आणि श्वास सांभाळतात, आणि त्यासाठी रुग्ण लवकर पोचावा लागतो. घरात गोळी वापरली असेल आणि कोणाला डोकेदुखी, मळमळ, छातीत दडपण, धाप जाणवली, तर सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा. बेशुद्ध माणसाला ओढायला एकट्याने आत शिरू नका. १०८ ला फोन लावा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की घरात सल्फास होतं. अनेकदा घरचे हे लाजेने किंवा भीतीने लपवतात, अन्नातून विषबाधा झाली म्हणतात, आणि तेवढा वेळ वाया जातो.