म्हणे कोर्टाने सांगितलंय, सिबिल बघायचंच नाही!

धाकट्या दिराने तो मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला आणि वरून लिहिलं, "वहिनी, तुम्ही उगाच घाबरवत होता." एरवी असले फॉरवर्ड मी वाचतही नाही, पण मी शोरूमच्या फायनान्स डेस्कला बसते आणि रोज दोनतीन जण हेच तोंडावर फेकतात, तेव्हा आता लिहूनच टाकते. मेसेज असा: हायकोर्टाचा दणका, सिबिल (म्हणजे सिबिल कंपनी तुमच्या कर्जफेडीच्या रेकॉर्डवरून देते तो स्कोअर) कमी म्हणून बँक कुठलंच कर्ज नाकारू शकत नाही, गाडीचंही नाही. सरकारने मिनिमम स्कोअरची अट काढली. जुनं कर्ज सेटल करून 500 च्या बाँडवर ॲफिडेविट दिलं की सिबिल कोरं. आणि हप्ते थकले तरी कोर्टाच्या ऑर्डरशिवाय गाडीला कोणी हात लावू शकत नाही.

दणका खरा आहे हो. केरळ हायकोर्ट, मे 2023. पण तो एका विद्यार्थ्याच्या शैक्षणिक कर्जाचा! त्याच्या नावावर आधीची दोन कर्जं, एकात 16,667 रुपये थकलेले, दुसरं राइट ऑफ झालेलं, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, म्हणून स्टेट बँक नवीन देईना. न्यायमूर्ती कुन्हीकृष्णन म्हणाले, विद्यार्थी उद्याचा देश घडवणार आहेत, नुसता स्कोअर कमी म्हणून शिक्षणाचं कर्ज अडवू नका, माणुसकीने बघा. त्यात त्या मुलाला ओमानमध्ये नोकरी मिळालेली, म्हणजे फेडीची सोय दिसत होती. आता यात तुमची सनरूफवाली एसयूव्ही कुठून घुसली? गाडी घेणं म्हणजे देश घडवणं असं कुठल्याही कोर्टाने अजून तरी म्हटलेलं नाही. आणि 2025 मध्ये मद्रास हायकोर्टाने काय केलं ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. स्टेट बँकेने निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक खराब सिबिलमुळे रद्द केली आणि कोर्टाने बँकेचं बरोबर ठरवलं. इथे हातातली नोकरी गेली, आणि तुम्ही म्हणता लोनला स्कोअर बघणार नाहीत.

सरकारवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय की पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला फक्त आधीच्या कर्जांची हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका, आणि ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत तेच सांगितलं. पण हिस्ट्री नसणं वेगळं आणि हिस्ट्री घाण असणं वेगळं. पगार, बाकीचे हप्ते हे सगळं बँक तरीही तपासणारच.

आता ते ॲफिडेविट. हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. सिबिलमधली माहिती बँका आणि फायनान्स कंपन्या भरतात, त्यांनी दुजोरा दिल्याशिवाय सिबिल स्वतः त्यातला एक आकडा बदलत नाही, मग तुमच्या बाँडवर नोटरीचे शिक्के दहा असोत की वीस. दिराचाच रिपोर्ट उघडून दाखवला त्याला. दर महिन्याचा एक चौकोन, वेळेवर भरलं की 000, नाहीतर जितके दिवस उशीर तो आकडा. मोबाईलच्या लोनला 000, 000, मग 029, 060, 091, आणि वर स्टेटस सेटल्ड. सेटल्ड म्हणजे फिटलं नाही, बँकेने काही रक्कम सोडून दिली आणि तसं लिहून ठेवलं. हे वर्षानुवर्षं दिसतं, सिबिलसारख्या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवावीच लागते. असा रिपोर्ट आला की आमच्या डेस्कवर एकतर फाईल रिजेक्ट, नाहीतर जास्त व्याज, जास्त डाउन पेमेंट आणि वर को-ॲप्लिकंट आणा. उपाय एकच, सुटलेली रक्कम भरायची, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, घ्यायचं आणि बँकेलाच स्टेटस क्लोज्ड करायला लावायचं. एंट्री खरंच चुकीची असेल तर बँकेकडे किंवा सिबिलकडे तक्रार टाका, 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "सिबिल क्लीन करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला कशाला पैसे चारता?

राहिली गाडी ओढून न्यायची गोष्ट. गुंड पाठवून वसुली चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या केसमध्ये सुनावलंय, तेवढं खरं. पण 2020 च्या मॅग्मा फिनकॉर्प केसमध्ये त्याच कोर्टाने म्हटलंय की हायर पर्चेसच्या, म्हणजे हप्ते फिटल्यावरच आपल्या मालकीची होणाऱ्या, गाडीचा मालक सगळे हप्ते फिटेपर्यंत फायनान्सरच, आणि करारात तसं कलम असेल तर हप्ते थकल्यावर त्याने गाडी ताब्यात घेणं हा गुन्हा नाही, जबरदस्ती तेवढी करायची नाही. तेव्हा त्या फॉरवर्डच्या भरवशावर हप्ता थांबवू नका. दोन हप्ते मागे असाल तर फायनान्स कंपनीला आधी स्वतःहून फोन करा, तारीख वाढवून मागा, आणि जे ठरेल ते मेलवर लिहून घ्या.