मशीन लावा, मॅडम

फिजिओथेरपीत मास्टर्स करायचं तुमच्या डोक्यात आलंय म्हणे. फार छान. घरी सांगितलंत का? सांगितलं असेल तर वडील दोन मिनिटं पंख्याकडे बघत बसले असतील आणि आई म्हणाली असेल, "म्हणजे यानंतर तरी डॉक्टर होशील ना गं?" नीटची परीक्षा दिलीत, बी.पी.टी.एच.ची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची चार वर्षं आणि इंटर्नशिपचे सहा महिने काढलेत, तरी हा प्रश्न शिल्लकच असतो. त्यावर उत्तर तयार ठेवू नका. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो मालिशवर असतो.

मुळात हे समजून घ्या. बी.पी.टी.एच. झालेला माणूस फिजिओथेरपिस्ट असतो. एम.पी.टी.एच., म्हणजे मास्टर्स झालेला माणूससुद्धा फिजिओथेरपिस्टच असतो, फक्त दोन वर्षांनी थोराड आणि काही लाखांनी हलका. हा फरक पेशंटला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही आणि कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या एचआरला कळला तरी पगार ठरवताना आठवत नाही. तेव्हा निर्णय घाईने घ्या, शांतपणे विचार केलात तर रद्द कराल.

मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे सीईटीची तयारी सोपी आहे. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला कोणती नस जाते आणि तो काय करतो, हे चार रकाने पुन्हा पाठ करा. पहिल्या वर्षी पाठ केलं होतं, मान्य आहे, पण ते परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलात हेही आपल्या दोघांना माहीत आहे. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, तर बेसिनवरच्या आरशाला चिकटवून ठेवा. दात घासताना सी-फाइव्ह ते टी-वन या त्याच्या मुळांची एक फेरी होते.

नंबर लागला की खरी गंमत, स्पेशालिटी निवडायची. मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायूंचं, सगळ्यांना हवं असतं, कारण गुडघे सगळ्यांकडे आहेत आणि ते दुखायला वयाचं बंधन राहिलेलं नाही. स्पोर्ट्स घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वानखेडे असतं: फलंदाज मैदानात कोसळलाय, तेहतीस हजार लोक श्वास रोखून बसलेत आणि आपण बॅग घेऊन धावतोय. प्रत्यक्षात तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत बर्फाचा डबा सांभाळायला मिळतो आणि दुपारी त्यातला अर्धा बर्फ आयोजक सरबतासाठी मागून नेतात. कम्युनिटी फिजिओथेरपी पहिल्या पसंतीला लिहिणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही, तुम्ही लिहिलीत तर भेटायला येईन. कार्डिओरेस्पिरेटरी, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं घेतलंत तर आयसीयू तुमचं. तिथे तीन रंगीत चेंडूंचं प्लॅस्टिकचं एक यंत्र देऊन पेशंटला सांगायचं असतं, "काका, फुंकायचं नाही, ओढायचं." काका फुंकतात. पुन्हा सांगायचं. काकांचा मुलगा म्हणतो, "बाबा, असं हो," आणि स्वतः फुंकून दाखवतो. सहाशे, नऊशे, बाराशे हे आकडे त्यावर छापलेले असतात, ते चेंडू उचलायला सेकंदाला किती सीसी हवा आत ओढावी लागते त्याचे. नातेवाइकांच्या मते ती किंमत असते.

न्यूरोबद्दल, म्हणजे मेंदू आणि नसांच्या स्पेशालिटीबद्दल मात्र मला धड टिंगल करता येत नाही. पक्षाघात झालेल्या माणसाच्या हातापाशी तुम्ही रोज बसता. स्नायूची ताकद शून्य ते पाच मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे हालचाल नाही, पण बोटांखाली स्नायू किंचित थरथरल्याचं जाणवतं. तीन आठवडे शून्य लिहून एका मंगळवारी मी एक लिहिला होता. धावत जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पण चालायला कधी लागतील?" तेव्हा न्यूरो घ्या, पण आनंद एकट्याने साजरा करायची सवय लावून घ्या.

आता प्रबंध, म्हणजेच थिसिस. दोन वर्षांतलं अर्धं आयुष्य इथे जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. विषयाचं नाव किमान अडीच ओळींचं हवं. त्यात 'परिणाम', 'तुलना' किंवा 'सहसंबंध' यांपैकी एक शब्द, एक सांधा, एक वयोगट आणि शेवटी 'एक यादृच्छिक नियंत्रित अभ्यास' असं शेपूट. विषय सुचत नसेल तर मोबाईल आणि मानदुखी घ्या. माझ्या रूममेटने घेतला होता. नमुना म्हणून सबंध हॉस्टेल. आमच्या हॉस्टेलातली एक मुलगी एका वर्षात इतक्या जणींची 'सब्जेक्ट' झाली होती की तिची मान, कंबर, मनगट, पाळीतलं दुखणं आणि तळपायाची कमान या सगळ्यांची नोंद विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कपाटात आहे. शास्त्रात याला कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग म्हणतात. मराठीत 'हाताशी आहे तो घ्या' म्हणतात.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, एथिक्स कमिटीपुढे ठेवावा लागतो. कमिटी पवित्र असते. ती तुमच्या पेशंटच्या हक्कांची काळजी घेते आणि ती काळजी बहुतेक वेळा तिसऱ्या पानावरच्या स्वल्पविरामातून व्यक्त होते. मग मराठी संमतीपत्र लिहायचं: 'सदर संशोधनाचे स्वरूप मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले असून'. हे वाक्य ज्या भाषेत आहे ती भाषा सांगली जिल्ह्यात कुणी बोलत नाही. पेशंट म्हणतो, "सही कुठं करू?"

माझा विषय गुडघ्याच्या झिजेचा होता. दोन गट. दोघांनाही व्यायाम तोच, दोघांच्याही गुडघ्यावर जेल लावून अल्ट्रासाउंडचं डोकं गोल गोल फिरवायचं. फरक एवढाच की एका गटात मशीन चालू आणि दुसऱ्यात बंद. यात लबाडी काही नाही, शास्त्रात असंच करतात. मशीन बंद असू शकतं हे संमतीपत्रात लिहिलेलं होतं, आणि संमतीपत्राचं काय होतं ते वर सांगितलंच. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. जवळपास सारखंच. गटांतला फरक निव्वळ योगायोग नाही असं म्हणायला पी-व्हॅल्यू नावाचा आकडा ०.०५च्या खाली यावा लागतो, तो यायचं नाव घेईना. मी खूश होऊन माझ्या गाइड मॅडमकडे गेले, कारण मला वाटलं, व्यायामानेच गुण येतो हे आपण दाखवून दिलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "सिग्निफिकंट नाही आलं का?" शेवटच्या प्रकरणात आम्ही लिहिलं की मोठ्या नमुन्यावर अधिक संशोधनाची गरज आहे. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. ग्रंथालयात अजून असेल, धूळ झटकून घ्या.

एवढं होईपर्यंत तुमच्या हाताला गोनिओमीटरची सवय झालेली असते. सांधा किती अंशात वळतो ते मोजायची ही प्लॅस्टिकची दोन पट्ट्यांची वस्तू. दोन जणांनी एकच गुडघा मोजला तर सहज पाच अंशांचा फरक पडतो, आणि पेशंटची प्रगती बऱ्याचदा आठवड्याला पाच अंशांचीच असते. यातून काय अर्थ काढायचा ते परीक्षकाला विचारू नका.

मग पास होता आणि बाहेर पडता. बाहेर तुमची स्पर्धा कुणाशी आहे, माहीत आहे का? दुसऱ्या फिजिओशी नाही. पायाळू माणसाशी. पाठीत उसण भरली की गावात पायाळू शोधतात, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले असा. तो पाठीला पाय लावतो, उसण जाते. त्याची सीईटी जन्माच्या वेळीच झालेली, थिसिस नाही, गाइड नाही, एथिक्स कमिटी नाही, काही ठिकाणी फी म्हणजे फक्त चहा. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आहेत. एकदा त्यांचीच कंबर धरली, तेव्हा ते माझ्याकडे आले. स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय लागत नाही, ही त्या पद्धतीतली एकमेव त्रुटी.

नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही, हाही प्रश्न येईल. दरवर्षी ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. २०२५ साली आम्ही तो केक कापून, फुगे लावून साजरा केला, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून आरोग्यसेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं की फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेतलं, म्हणे आणखी विचार व्हायला हवा. म्हणजे एक दिवस मी डॉक्टर नव्हते. त्या दिवशीही मला शेजारच्या काकूंनी सर्दीवर गोळी विचारली. पाटी रंगवणाऱ्याला माझा सल्ला आहे, 'डॉ.' खडूने लिहा.

या विद्येचा इतिहास मात्र पाठ ठेवा, मुलाखतीत विचारतात. पोलिओने लुळी पडलेली मुलं पुन्हा उभी करायची होती म्हणून १९५३च्या सुमारास मुंबईत परळच्या केईएममध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, हे शिक्षण आपल्याकडे सुरू झालं. मुलांना कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या बांधायच्या, दोन्ही बाजूंना धरायचं आणि चालवायचं. तेव्हा यात विजेचं काम फार नव्हतं. मेहनत पोरांची आणि हात शिकवणाऱ्याचे.

आणि आता क्लिनिक. इथे माझं नीट ऐका, कारण हे कुठल्याच सेमिनारमध्ये सांगत नाहीत. पेशंट तुमच्याकडे निदान घेऊनच येतो. "मॅडम, गुडघ्यातलं वंगण संपलंय." "मणक्यात गॅप आलाय." "गादी सरकलीय, शीर दबलीय." मोटारीच्या गॅरेजात आणि फिजिओकडे माणसं एकच भाषा बोलतात. तुम्ही त्यांना झोपवता, तपासता, पाय उचलून बघता, मांडीचा स्नायू कसा सुकलाय ते बोट ठेवून दाखवता. साडेसहा वर्षांची सगळी विद्या पणाला लावून अचूक व्यायाम निवडता: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, खाली दाबा, दहा मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पेशंट शांतपणे ऐकून घेतो. मग म्हणतो, "ते ठीक आहे. पण मशीन लावा, मॅडम."

म्हणून मशीन घ्या. कर्ज काढून घ्या. आयएफटी, म्हणजे दुखण्यावर करंट देणारं मशीन घ्या, त्याला चार वायरी असतात आणि चार वायरी दोन वायरींपेक्षा जास्त गुण देतात. दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे करंट आत एकमेकांना भेटतात वगैरे जे चार हजार हर्ट्झचं प्रकरण तुम्ही पाठ केलं होतं, ते सांगत बसू नका. "आत खोलवर शेक बसतो" म्हणा. तो बसत नाही, पण वाक्य बसतं. मेणाचा टब ठेवा, क्लिनिकला मेणाचा वास आला की लोकांना इलाज चालू असल्यासारखं वाटतं. आणि फोनवर रात्री साडेदहाला "बर्फ लावू की शेकू?" असं विचारलं तर चिडू नका. अख्ख्या महाराष्ट्राने फिजिओला विचारलेला हा एकमेव प्रश्न आहे.

व्यायाम केले का, असं पुढच्या भेटीत विचारायचं असतं. ठरलेली उत्तरं अशी: पाहुणे होते, गणपती होते, लग्न होतं. एका काकांनी सांगितलं, "मी रोज दूध आणायला चालत जातो, त्यातच येतं की सगळं." माझ्या एका काकू सर्वांत प्रामाणिक. त्या म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू, टॉवेल केला होता गुंडाळून. मग वाळत घातला."

त्याच काकू मागच्या महिन्यात नातवाला घेऊन आल्या. कॉटवर झोपवलं, गुडघ्याभोवती चार पॅड लावले, मशीन सुरू केलं. म्हटलं, करंट चालू आहे तोवर पडल्या पडल्या टॉवेल दाबत राहा, मशीनबरोबर दाबला की करंट चांगला धरतो. (हे मी कुठेही शिकलेले नाही.) आणि मी पलीकडच्या कॉटवर गेले. पडद्याआडून मोजणं ऐकू येत होतं, सात, आठ, नऊ, दहा, पुन्हा एक. घरी महिन्याभरात जेवढं झालं नव्हतं तेवढं वीस मिनिटांत झालं. काकू उठल्या, पाय झटकला, दोन पावलं टाकून बघितली. चेहरा उजळला. म्हणाल्या, "आज खरा लागला बघा करंट. एरवी नुसत्या मुंग्या येतात."

वायरी गुंडाळायला वाकले तर प्लग जमिनीवर. सॉकेटमध्ये नातवाचा मोबाईल, सदतीस टक्के झालेला.

दुसऱ्या दिवशी त्या जावेला घेऊन आल्या, त्यानंतर भिशीतल्या आणखी दोघींना. "हिचं मशीन भारी आहे गं," दारातूनच चाललं होतं. मी पावती केली. मशीनचे अडीचशे. व्यायामाचे पैसे लावायला पावतीपुस्तकात रकाना नाही, मी छापखानेवाल्याला सांगितलं होतं, तो म्हणाला, "ते कोण देतं, मॅडम?"