‘थंडी जास्त, तर हरीण मोठं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

जंगलात भटकणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर दोन फोटो: कॅनडाच्या बर्फात उभा धिप्पाड मूस (हरीणकुळातलाच प्राणी) आणि फ्लोरिडाच्या बेटावरचं कुत्र्याएवढं हरीण. खाली चार विधानं. थंडी जितकी जास्त तितकं हरीण मोठं, हा विज्ञानाचा नियम आहे. मोठं शरीर ऊब धरून ठेवतं, म्हणून असं होतं. लहान हरणांचं रक्तच हलकं, खाण तशी माती. आणि शेवटी सल्ला: बाहेरून दणकट नर आणून सोडा, कळप सुधारेल. वाचायला चटकदार आहे, त्यामुळे जाणत्या मंडळींनीही पुढे ढकललाय.

आधी फोटोंचं बघू. मूस आणि ते फ्लोरिडाचं हरीण या दोन वेगळ्या जाती आहेत. म्हैस आणि शेळी शेजारी उभी करून हवामानाबद्दल काही सिद्ध होत नाही. ज्या नियमाचा दाखला दिलाय तो जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यांनी १८४७ मध्ये मांडला, तोसुद्धा एकमेकांच्या जवळच्या नात्यातल्या प्राण्यांपुरता. तुलना करायचीच तर एकाच जातीत करावी. फ्लोरिडाचं ते हरीण अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची उपजात आहे. तिथला नर साधारण तीस किलोचा. त्याच जातीचा कॅनडाच्या गवताळ प्रदेशातला नर सहज शंभरी ओलांडतो. म्हणजे उत्तरेकडे जाताना आकार वाढतो हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

गोची पुढे आहे. कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेरियस गाइस्ट यांनी १९८७ मध्ये हरणांच्या आणि लांडग्यांच्या मापांवरून दाखवलं, की उत्तरेकडे जाताना आकार साधारण साठ अंश अक्षांशाच्या आसपासपर्यंत वाढत जातो आणि तिथून पुढे पुन्हा घटतो. थंडी मात्र घटत नाही. नॉर्वेच्या ताब्यातलं स्वालबार्ड सुमारे ७८ अंशांवर, उत्तर ध्रुवाच्या उंबऱ्याशीच आहे म्हणा ना. तिथला रेनडिअर (हाही हरीणकुळातलाच) जगातल्या सर्वांत लहान रेनडिअरांपैकी एक, आखूड पायांचा, गुबगुबीत. त्याच जातीचा कॅनडाच्या जंगलातला भाईबंद त्याच्या दुपटीच्या घरात जातो आणि राहतो कितीतरी दक्षिणेला. मेसेजचा नियम खरा असता तर हे उलटं दिसायला हवं होतं.

उबेचं गणित शाळेतलं आहे: वस्तू मोठी होते तसं घनफळाच्या मानाने तिचं पृष्ठफळ कमी होतं. त्यात चूक काही नाही. पण प्राण्याला ऊब हवी असेल तर दाट केस आणि कातडीखालची चरबी हा फार स्वस्त उपाय आहे. शरीर मोठं केलं तर रोज खायलाही जास्त लागतं, तेही ऐन हिवाळ्यात, जेव्हा खायला काही नसतं. आणि उत्तरेतलं हरीण हिवाळ्यात वाढतच नाही, उलट वाळतं. त्याची वाढ होते वसंतात आणि उन्हाळ्यात, कोवळ्या, प्रथिनांनी भरलेल्या पाल्यावर. मधल्या अक्षांशांत असा हिरवा हंगाम भरघोस आणि पुरेसा लांब मिळतो. अगदी उत्तरेत तो फार आखूड पडतो.

आता ‘हलकं रक्त’. मेसेजमधलं सगळ्यांत चुकीचं विधान हेच, आणि सगळ्यांत लोकप्रियही.

अमेरिकेत साउथ डकोटा नावाचं राज्य आहे. त्याच्या पश्चिमेला ब्लॅक हिल्स, पाइनचे डोंगर, चारा बेताचा. पूर्वेला मका-सोयाबीनची सुपीक शेती. अक्षांश जवळजवळ एकच, जातही एकच, तरी डोंगरातली हरणं लहान आणि शेतांकडची मोठी. संशोधकांनी दोन्हीकडची पाडसं आणली आणि त्यांना सारखाच सकस आहार देऊन वाढवलं. डोंगरातले नर तरीही लहानच राहिले. इथे थांबलं तर मेसेजवाला जिंकतो: बघा, रक्तच तसं! पण संशोधक थांबले नाहीत. त्याच आहारावर वाढलेल्या डोंगरी माद्यांना झालेले नर वाढवले, तर ते पूर्वेकडच्या नरांच्या बरोबरीला आले. रक्त तेच होतं, फक्त या खेपेला आई पोटभर खाऊन वाढलेली होती. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाभण म्हशीला पेंड का घालायची हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे यात नवल वाटणार नाही. आईच्या उपासमारीची किंमत पाडस मोजतं, आणि ते कर्ज फिटायला एक पिढी जाते. वरवर पाहणाऱ्याला तेच ‘रक्त’ वाटतं.

दुसरा दाखला न्यूझीलंडचा. १८७१ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून लाल हरणं नेऊन ओटागो प्रांतात सोडली. स्कॉटलंडच्या उघड्या, ओल्या, निकस माळावर हे हरीण युरोपातल्या आपल्या जातभाईंच्या मानाने खुरटं राहतं. न्यूझीलंडमध्ये कोणी न चरलेला चारा मिळाला, आणि काही दशकांत तिथल्या नरांची शिंगं पाहायला शिकारी बोटीने येऊ लागले. पुढे कळप बेसुमार वाढले, रान ओरबाडलं गेलं, तशी शिंगंही उतरली. १९३० नंतर सरकारलाच हरणं मारायची मोहीम काढावी लागली.

याहून कडू गोष्ट अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटाची. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर सोडले. लांडगा नाही, शिकारी नाही. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले. रेनडिअरचा हिवाळ्यातला आधार म्हणजे लायकेन, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावकी, आणि ते फार हळू वाढतं. बेटावरचं संपत आलं. १९५७ च्या मानाने १९६३ मध्ये माद्यांचं सरासरी वजन ३८ टक्क्यांनी आणि नरांचं ४३ टक्क्यांनी घटलं होतं. बेट तेच, थंडी तीच, वंशही तोच. सहा वर्षांत ताटातला वाटा तेवढा आटला. पुढच्याच हिवाळ्यात कळप कोसळला आणि १९६६ मध्ये मोजणी झाली तेव्हा ४२ उरले होते.

अनुवंशाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. समुद्राची पातळी वाढून फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं जर्सी बेट मुख्य भूमीपासून तुटलं तेव्हा, म्हणजे एक लाख वर्षांहून आधी, तिथली लाल हरणं सुमारे सहा हजार वर्षांत मूळ वजनाच्या एक षष्ठांशावर आली. एवढ्या काळात नैसर्गिक निवड आपलं काम करते. फ्लोरिडाचं बेटावरचं हरीणही असंच वेगळं पडलेलं. पण तिथेही लहान असणं हा हलकेपणा नव्हे. बेटावर गोडं पाणी आणि चारा मोजका, त्यात कमी खाणारा तगतो.

राहिला नर आणून सोडण्याचा सल्ला. गेल्या शतकात अमेरिकेत शिकारीने हरणं संपत आली तेव्हा जॉर्जियासारख्या दक्षिणेतल्या राज्यांत थेट विस्कॉन्सिनहून, म्हणजे मोठ्या हरणांच्या मुलखातून, हरणं आणून सोडली होती. जॉर्जियाचं विस्कॉन्सिन झालं नाही. शिवाय हरणांबरोबर त्यांचे रोगही प्रवास करतात. मेंदू पोखरणारा जो क्षयरोगासारखा झिजवणारा आजार १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत दिसला, तो आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पोहोचलाय, आणि त्यात हरणांच्या ने-आणीचाही हात आहे. त्यावर औषध नाही.

मेसेजखाली कोणीतरी विचारलं होतं, मग आपलं चितळ लहान ते उकाड्यामुळेच ना? त्याच उकाड्यात, त्याच ताडोबात, चितळाच्या शेजारी सांबर चरतं. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोच्या पुढे जातो, आणि ही जात तैवानपर्यंत पसरलेली असली तरी तिचे सर्वांत मोठे नर भारतातच सापडतात.